निळ्या बगाटीचं दार

नगर, १६ जानेवारी १९७२

तीर्थस्वरूप आप्पासाहेब, ऑइल इंजिने व पंपांचे विक्रेते, बेलापूर, यांच्या सेवेशी,

आपल्या पेढीचं नव्या सालाचं कॅलेंडर टपालाने पोचलं. पोच देण्याआधी एक गंभीर तक्रार नोंदवणं हे नागरिक म्हणून मी माझं कर्तव्य समजतो. कॅलेंडरला वरच्या अंगाला पत्र्याची पट्टी आहे, खालच्या अंगाला नाही. परिणामी सकाळी भिंतीवर ताठ टांगलेलं कॅलेंडर ऊन चढेल तसं खालून गुंडाळायला लागतं. आधी नोव्हेंबर-डिसेंबर जातात. मग पावसाळा जातो. त्याची आता सवय झाली आहे. मग आपण ज्या पंपावर हात ठेवून उभे आहात तो पंप जातो, मग कोट, मग गळ्यातला हार, आणि दिवेलागणीला आपली फक्त टोपी उरते. माणसाची टोपी तेवढी शिल्लक राहावी असं मला पुष्कळांच्या बाबतीत वाटतं. सख्ख्या भावाच्या बाबतीत वाटू नये, एवढा संस्कार आईने केला होता. तरी ज्या छापखान्याने ही पट्टी खाल्ली त्याचं बिल अडवून ठेवावं.

कॅलेंडर बाबांच्या खाटेशेजारी टांगलं आहे. बाबांना हल्ली फारसं दिसत नाही. उजेड कळतो, अंधार कळतो; दारात कुणी उभं राहिलं तर आकार कळतो, माणूस कळत नाही. पण कॅलेंडर गुंडाळायला लागलं की कागद वाजतो. मग ते पडल्या पडल्या हात लांबवतात आणि तळव्याने ते भिंतीवर सपाट करतात. "आप्पा वर चाललाय बग," म्हणतात. मी म्हणतो, "त्याला कोण अडवणार?" त्यांना वाटतं, मी कौतुक केलं.

आता पत्राचं कारण, कारण चार वर्षांनी माणूस नुसत्या पट्टीसाठी पत्र लिहीत नाही. गेल्या दिवाळीपासून मी एक मोटार बांधतो आहे. हारीससाहेबाची बगाटी; बाबा बुगाटीला बगाटीच म्हणतात. कँपातला हा गोरा कॅप्टन ती शर्यतीत पळवायचा आणि आपले बाबा, लहानू मिस्त्री, तिची निगा राखायला साहेबाबरोबर मुंबई-पुण्याला जायचे, हे आपल्याला आठवत असेलच. हल्ली जरा जास्तच आठवतं, असं कानावर आहे. निळी, दोन माणसांची, तोंडाला घोड्याच्या नालासारखा रेडिएटर, मागे निमुळती शेपूट. तशीच्या तशी, फक्त आठपट लहान. लांबी दीड फुटाला चिमूटभर कमी. अंग डालड्याच्या डब्याचं, आतला सांगाडा जेवायच्या मोडक्या पाटाचा. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात काम चालतं, कारण कथलाचा डाग द्यायला शेगडी तिथेच आहे.

कँपातल्या रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात अशाच गाडीचं चित्र आहे, पण उजव्या बाजूचं. डाव्या बाजूचा फोटो माझ्या माहितीत एकच, आणि तो आपल्या दिवाणखान्यात आहे. शर्यतीच्या सकाळी काढलेला. साहेब स्टिअरिंग धरून बसलेला आणि डाव्या अंगाला, गाडीला चिकटून, उकिडवे बसलेले बाबा. आपल्या जुन्या घरात तो देवाच्या कोनाड्यात असायचा. आई गेल्यावर 'मी नीट जपतो' म्हणून आपण नेलात. जपला असेलच. आठवडाभर उसना पाठवावा. डाग पडणार नाही.

कॅलेंडरपुरता आपला आज्ञाधारक,
रंगनाथ


नगर, १२ मार्च १९७२

आप्पासाहेब यांस,

आपल्या कारकुनाचं पत्र मिळालं. टाइप केलेलं, खाली आपला रबरी शिक्का. "आपल्या तक्रारीची तपासणी करता सर्व कॅलेंडरे दोन्ही पट्ट्यांसह रवाना झाल्याचे दिसून येते. आपली तक्रार एकमेव आहे." फोटोबद्दल अक्षर नाही. तपासणीवर माझा विश्वास नाही; या जिल्ह्यात तपासणीने आजवर काहीच कमी निघालेलं नाही. पण पट्टीचा विषय तूर्त बाजूला ठेवू.

चाकं झाली. या गाडीची चाकं तारेच्या काड्यांची नाहीत, सपाट आऱ्यांची आहेत, आणि त्याला अल्युमिनियम लागतं. घरात ते एकाच रूपात होतं, म्हणजे आमच्या सौ. झुंबरबाईंच्या जर्मनच्या पातेल्यात. मी ते विचारून घेतलं असं माझं म्हणणं आहे. तिचं म्हणणं वेगळं आहे.

"बूड कापून न्हेलं की वो तुमी! आता वरान कशात शिजवू?"

"दुसऱ्या पातेल्यात."

"दुसऱ्यात दूध आसतंय. आता तुमच्या त्या बगाटीतच डाळ टाका. बंब हायेच म्होरं."

बाबा खाटेवरून हसत होते. मग चाक हातात घेऊन त्यांनी प्रत्येक आऱ्यावरून अंगठा फिरवला. "आठ हायेत. बराबर. पन ह्यो एक जाडाय." होता. कानस मारली. पुन्हा चाचपलं. "आता ह्योच बारीक झाला." मी म्हणालो, बाबा, मी साप्ताहिकात टवाळक्या लिहिणारा माणूस, मिस्त्री नाही. "ते दिसतंयच की," म्हणाले.

त्यांचंही सगळंच बरोबर असतं असं नाही. एके दिवशी गाडीला तीन दिवे होते, दुसऱ्या दिवशी एकही नव्हता. रंगाबद्दल मात्र ठाम. "आभाळाचा निळा न्हाई. धोतराला नीळ जास्त झाली की हुतो त्यो निळा." असा रंग नगरच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. शेवटी पांढऱ्या रंगात नीळच कालवली.

टायर विहिरीच्या पंपाच्या रबरी नळीच्या चकत्यांचे आहेत. ते आपण बेलापुराहून पाठवलेत, असं मी बाबांना सांगितलं आहे. रेडिएटरची जाळीही आपणच पाठवलीत, आणि मागे पितळी स्क्रूही. खुलासा करण्याची तसदी घेऊ नये. ते टायर कुरवाळत म्हणाले, "थोरल्याला कळतंय कुठलं रबर लागतंय ते. धंद्यातला हाय त्यो." कापायला बसलो होतो मी, बोटाला पट्टी माझ्या. पण आपल्या घरात हा हिशोब पहिल्यापासूनच असा आहे, त्यात मी नवं काय सांगणार?

आता जे मागायचं ते मागतो. खंडेनवमीला हारीससाहेब गाडी बाबांच्या ताब्यात द्यायचा. बाबा तिला हळदकुंकू लावायचे, बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि पुढे नारळ. साहेब टोपी काढून बाजूला उभा राहायचा. यंदा बाबांना ही गाडी पुढ्यात ठेवून तेच करायचं आहे आणि नारळ आपल्या हातून फोडायचा आहे. "आप्पाला म्हनावं, दुकानाची पूजा सकाळच्याला उरक, आन दुपारच्याला हिकडं ये." काचबिंदू आहे. सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, दिवाळीनंतर हा उजेडही राहणार नाही. तेव्हा आपण खंडेनवमीला दारात उभे राहायचं आहे. त्यांना चेहरा दिसणार नाही. आकार दिसेल. तेवढाच पुरे आहे, असं ते म्हणतात.

फोटो पाठवावा.

रंगनाथ


नगर, २० जून १९७२

आप्पासाहेब,

आता कारकूनही लिहीत नाही. पाऊसही नाही. विहिरी खणायचं काम जोरात असल्याने पंप खपत असतील. आमच्या साप्ताहिकात आपल्या दुकानाची जाहिरात पाहिली, आमचा मालक ती माझ्या सदराच्या अगदी खाली लावतो. त्याला वाटतं, मला कळत नाही.

तुम्ही न येण्याचं कारण मला माहीत आहे, तुम्हालाही आहे, तेव्हा एकदा कागदावर येऊ दे. चार वर्षांपूर्वी तुमच्या दुकानाचं उद्घाटन होतं. बाबा खाकी कपड्यांत आले, कारण इंजिनांचं दुकान म्हटल्यावर माणसाने इंजिनाला हात लावायच्या कपड्यांत यावं, अशी त्यांची समजूत. त्यांनी आल्या आल्या एक इंजिन चालू करून दाखवलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, हे कोण? तुम्ही म्हणालात, "आमच्याकडचे जुने मिस्त्री." मी शेजारी उभा होतो. पुढच्या शनिवारी मी ते लिहिलं. नावं बदलली होती, पण बेलापुरात ते सगळ्यांना कळलं, आणि कळावं म्हणूनच लिहिलं होतं. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

परवा सायलेन्सरच्या नळीला डाग देत होतो. बाबा एकदम म्हणाले, "त्यो काय खोटं बोलला हुता? मिस्त्री हायेच की मी. जुना बी हाय."

"मुलगा बापाला असं म्हणतो का?"

"त्यो बोलला, तितंच संपलं हुतं. कुनाच्या ध्यानात बी न्हवतं. तू लिवलं नसतंस तर त्यो आला असता."

डाग चुकीच्या जागी पडला. पुन्हा उतरवावा लागला.

मी हे तुम्हाला का कळवतो आहे, ते मला माहीत नाही. फोटो पाठवा. खंडेनवमी आश्विनात आहे. बॉनेट झालं. मधोमध लांब बिजागरी आहे, तिला अगदी सरळ, एकसंध पट्टी हवी होती. मिळाली. कुठून, ते विचारू नका.

रंगनाथ


नगर, १९ ऑगस्ट १९७२

आप्पासाहेब,

फोटो मिळाला! कारकुनाची चिठ्ठी: "चि. सौ. कां. विजयमालाताईंच्या साखरपुड्यानिमित्त काढलेल्या प्रतींपैकी एक सोबत." पोरीला माझा आशीर्वाद सांगा. पाहुण्यांच्या घरी म्हणे स्वातंत्र्याआधीपासून मोटार आहे. आता तुमच्याकडेही स्वातंत्र्याआधीपासून झाली.

काय फोटो आहे! मला वाटलं होतं, मूळ फोटोची साधी प्रत येईल. यात साहेब कुठेच नाही. साहेबाच्या कोटात, साहेबाच्या खांद्यांवर, बाबांचं डोकं. फेटा बांधलेलं. ते डोकं तुमच्या लग्नाच्या फोटोतलं आहे, मी ओळखलं. कारण तेव्हा बाबा तुमच्या सासऱ्यांकडे बघत होते, आणि अजून तिकडेच बघतायत. शर्यतीत असा बाजूच्या बांधाकडे बघणारा माणूस पहिल्या वळणाला मेला असता. धडाची सावली एकीकडे, फेट्याची दुसरीकडे. एका माणसावर दोन सूर्य. झुंबरबाईने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मामंजींना कोट लई शोभतोय. पन हात एवढं गोरं कशानं झालं?"

मी इतका हसलो की बाबांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, आप्पाने फोटो पाठवला. "पाठीवला न्हवं? मी म्हनलं न्हवतं?" म्हणाले, आणि दिवसभर खुशीत होते.

ते जिथे उकिडवे बसलेले असायचे तिथे अर्थातच आता कुणी नाही. एक माणूस एकाच गाडीत बसून त्याच गाडीशेजारी उकिडवा कसा बसेल? ती जागा मोकळी केली आहेत. एक फायदा मात्र झाला. लहानपणापासून त्या जागी मी बाबांनाच बघत आलो, त्यांच्या मागे गाडीला काय आहे ते कधी दिसलंच नव्हतं. दार आहे. चांगलं कडीचं दार. उजव्या बाजूला नाही, डाव्या बाजूला आहे. असेल, मिस्त्रीला चढउतार करायला ठेवलं असेल. लगेच पत्रा कापला. इवल्या बिजागऱ्या, टाचणीच्या डोक्याची कडी. दोन रविवार गेले, पण सगळ्या गाडीत एवढं नाजूक काम दुसरं नाही. उघडत नाही, तेवढं सोडा.

तुमच्या फोटोचा एका माणसाला तरी खरा उपयोग झाला, म्हणून आभार.

रंगनाथ


नगर, ११ सप्टेंबर १९७२

आप्पा,

आता 'साहेब' लिहीत नाही. हे पत्र कारकुनाला देऊ नकोस.

महिनाभर रंगकामात अडकलेली गाडी काल रविवारी पुन्हा बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं रेडिएटरपासून निघाली. बॉनेटच्या चिरांवरून गेली, चामडी पट्टा चाचपला, मग डाव्या अंगाने मागे. आणि थांबली.

"हे काय?"

"दार."

"कशाचं दार?"

"गाडीचं, बाबा."

"हिला कुठलं दार? साहेब सुदिक टांग टाकूनच बसायचा. दार मोठ्या लोकांच्या गाडीला आसतंय, उतरताना दुसऱ्यानं उघडायला." पुन्हा चाचपलं. "हितं स्टेपनी हुती. चामड्याच्या पट्ट्यानं आवळल्याली. त्यो पट्टा आवळताना तर फोटो घेतला माजा."

"फोटोत दार आहे," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

"आप्पाच्या फोटोत?"

"हो."

"आन मी?"

वीस वर्षं मी दुसऱ्यांचा खोटेपणा छापून पोट भरतो आहे. कुणाचं कुठे शिवलंय आणि कुठे उसवतंय, ते मला लांबून दिसतं. म्हटलं, "तुम्ही आहात की. तिथेच. उकिडवे."

"दाराम्होरं?"

"दारापुढे."

"हातात काय हाय?"

"पाना."

बाबा हसले. मोठ्याने नाही. "पट्टा आवळाया पाना कशाला लागतोय रं, रंगा?"

मग त्यांनी गाडी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे कूस वळवली. संध्याकाळी कॅलेंडर वाजलं, वर गुंडाळत गेलं. त्यांचा हात उठला नाही. मीही सरळ केलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बाजूने खोटं बोललो आणि तेही मला धड जमलं नाही.

आज कचेरीत न जाता, फोटोच्या पाठीवर ज्याचा शिक्का आहे त्या स्टुडिओत गेलो. तिथे फोटो रंगवणारा नूरमहंमद नावाचा माणूस आहे. फोटो बघून त्याचा चेहरा फुलला.

"ह्ये माजंच काम! लई झटलो साहेब ह्याच्यावर. काय खराबी आली काय?"

म्हटलं, "हे दार कुठून आणलं?"

"त्याची गंमतच हाय. शेठ बोलले, ह्या मिस्त्रीला काढ. मी ब्लेडनं खरडला. खरडला तर गाडीला भगदाड पडल्यावानी दिसाया लागलं. बोललो, शेठ, हितं काय टाकू? तर बोलले, गाडीला जे असतं ते टाक. आता मला काय ठाऊक काय असतं? भायेर शेठची अँबॅसिडर हुती. तिचं दार बघून टाकलं. जमलं का न्हाई?"

"इतकं जमलं की मी ते पत्र्यात केलं."

"खरं?" तो हुरळून गेला. "कडी बी?"

"कडीसुद्धा."

"ती लई अवघड हुती बगा."

त्याचा काय दोष? मी विचारलं, "तो मिस्त्री कोण, ते विचारलंस का?"

"विचारलं ना. मानसाला खरडायचं म्हंजे विचारलेलं बरं. शेठ बोलले, हाय, आमच्याकडचा जुना मानूस."

म्हणजे चार वर्षांत वाक्यसुद्धा बदललं नाहीस.

घरी येऊन दार उतरवलं. पातेल्याच्या उरलेल्या काठातून पाचवं चाक कापलं. या खेपेला झुंबरबाईने आपल्या जुन्या वहाणेचा पट्टा आणून दिला, तो बारीक कापून चाक डाव्या अंगाला आवळलं. बाबांनी ते चाचपलं. "एक भोक अजून वढ," म्हणाले.

आता ऐक. हा फोटो म्हणजे माझ्या सदराला आयुष्यभर पुरेल एवढा मजकूर आहे. फेटा आणि दोन सूर्य, गोरे हात आणि बापाच्या जागी अँबॅसिडरचं दार. नावं न बदलता लिहिलं तरी कुणाला खरं वाटणार नाही, इतकं उत्तम. मी लिहिणार नाही. एक ओळ नाही. साखरपुड्याआधी नाही, नंतरही नाही. ही लाच समज. तुला ती भाषा कळते. बदल्यात खंडेनवमीला दुपारी ये. बोलू नकोस, बसू नकोस. नारळ मी आणून ठेवतो. तू दारात उभा राहा.

ते अजून विचारतात. "आप्पाचं काय पत्र?" म्हणून. फोटोचं कळल्यावरही.

रंगा


नगर, दसरा, १९७२

आप्पा,

तुझा ड्रायव्हर छगन काल दुपारी पोचला.

बाबा सकाळपासून आंघोळ करून, धुवट धोतर नेसून, खाटेवर दाराकडे तोंड करून बसले होते. गाडी पाटावर, पुढे झेंडू. बाहेर मोटार थांबल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी तिचं इंजिन ऐकूनच सांगितलं, "एक फायर चुकतोय." मग दारात आकार उभा राहिला. उंच, कोट घातलेला, डोक्यावर टोपी. कोट तुझाच, कॅलेंडरातला. तू तो छगनला दिलास हे मला माहीत नव्हतं. त्यांना तर नव्हतंच.

"आलास व्हय, आप्पा," बाबा म्हणाले.

छगनला दोन पावलं आत येऊन गप्प राहता आलं असतं, आणि मला वाटतं, तो राहिला असता तर मीही राहिलो असतो. पण त्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि म्हणाला, "न्हाई बाबा, मी छगन. सायबांची गाडी चालीवतो."

बाबांचा हात वर उठला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी त्याच हाताने त्याला जवळ बोलावलं. "डायवर हाय न्हवं? मंग बराबर हाय. तूच फोड नारळ."

"मी कसा? सायेब म्हनले..."

"सायेब काय म्हनले ते मागनं. आधी हिचं उरकू."

छगनने नारळ फोडला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून गाडी ढकलली तर लिंबू फुटलं नाही, आसच वाकला; छत्रीची काडी ती. छगन घाबरला. बाबांनी बोटांनी चाचपून तो सरळ केला. "हारीसची बी हितंच वाकायची," म्हणाले. खरं असेल किंवा नसेल. मग छगनने तुझा निरोप सांगितला. शाल, पेढे, आणि ही छोटी गाडी साखरपुड्याला फोटोखाली टेबलावर ठेवायची आहे, तेव्हा सोबत द्यावी. पाहुण्यांनी फोटो बघितलाय. त्यांना लई आवडलाय.

मी तोंड उघडलं. तू मला ओळखतोस, काय निघालं असतं ते तुला माहीत आहे. बाबा मध्येच म्हणाले, "न्हेऊ दे. त्याच्या पोरीचं काम हाय." आणि थोड्या वेळाने, "रंगा, ते दार टाकलंस का फेकून?"

"नाही. डब्यात आहे."

"लाव त्ये. स्टेपनी काढ."

"बाबा..."

"दाराबिगर त्याला ही गाडी वळखू यायची न्हाई."

छगन एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. मी शेगडी पेटवली. पट्टा सोडला, पाचवं चाक काढलं, दार लावलं. बाबांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "एकाच डागावर लाव. जास्ती नगं." तेव्हा दार एका डागावर आहे. पाहुण्यांना उघडू देऊ नकोस. तसंही ते उघडत नाही.

छगन पेढा न घेता निघाला होता, त्याला बाबांनी बसवून दिला. जाताना तो त्यांच्या पाया पडला. बाबांनी त्याला प्लगची फट तपासायला सांगितलं.

शाल झुंबरबाईने घडी घालून ठेवली आहे. परत पाठवत नाही, थंडी येते आहे. स्टेपनी बाबांच्या उशाखाली आहे. मधूनच काढतात, आऱ्यांवरून अंगठा फिरवतात, ठेवून देतात. जाड आरा कुठला होता, ते त्यांना आता सापडत नाही, असं म्हणाले. फोटोबद्दल मी लिहिणार नाही. तू तुझा शब्द पाळला नाहीस, कारण तू दिलाच नव्हतास. मी दिला होता.

राहिलं कॅलेंडर. जानेवारीतली तक्रार मागे घेतो. छापखान्याचं बिल अडवलं असलंस तर देऊन टाक. खालची पट्टी मीच काढली होती, आल्या दिवशीच. बॉनेटच्या मधल्या बिजागरीवर आहे ती. काल गाडीबरोबर तुझ्याकडे आली. तरी भिंतीवरचं देणं राहतच होतं, आणि सालाचे थोडेच दिवस उरलेत. आज सकाळी डालड्याच्या उरल्या पत्र्यातून पट्टी कापली, बोटाला लागू नये म्हणून कडा कानसल्या, कॅलेंडरच्या बुडाला दुमडून चिमटून बसवली. आता तू अखंड दिसतोस. टोपी, कोट, हार, पंप आणि खाली डिसेंबरपर्यंत सगळं.

पट्टी बसवताना कागद वाजला. त्या रविवारपासून बाबांनी भिंतीकडे हात नेला नव्हता. आज नेला. तळवा टेकवला, खाली फिरवला, पट्टीशी थांबला.

"सरळ हाय की. कुनी केलं?"

"आप्पाने पट्टी पाठवली," मी म्हणालो. "छगनबरोबर."

"बरं," ते म्हणाले आणि हात काढून घेतला.

रंगा